हातमोजे ठेवले, सोने परत केले
(संत थॉमस मोर यांची जीवनकथा)

२२ जून हा संत जॉन फिशर आणि संत थॉमस मोर यांचा स्मृतिदिन. इंग्लंडचा एक मोठा अधिकारी राजाच्या इच्छेविरुद्ध गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला, एवढे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असते. परंतु आज आम्हाला थॉमस मोर यांच्या मरणापेक्षा त्यांच्या नोकरीविषयी अधिक सांगायचे आहे. ते धर्मगुरू नव्हते, संन्यासीही नव्हते. ते वकील होते, न्यायाधीश होते, सरकारी चाकरीत होते, चार मुलांचे वडील होते. सकाळी घरून कामावर जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हेच त्यांचे जीवन. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांतील कर्त्या माणसांचेही तेच आहे.

कामाच्या ठिकाणी चुकीचे काही चाललेले दिसले, किंवा चुकीचे काम आपल्याच हातून करवून घेतले जाऊ लागले, तर ख्रिस्ती माणसाने काय करावे? हा प्रश्न थॉमस मोर यांच्यासमोर एकदा नव्हे, आयुष्यभर येत राहिला. त्यांनी तो कसा सोडवला, ते पाहू या.

मठाच्या दारातून संसारात

थॉमस यांचा जन्म १४७८ साली लंडनमध्ये झाला. वडील जॉन मोर वकील होते, पुढे न्यायाधीश झाले. लहानपणी थॉमस यांना कँटरबरीचे आर्चबिशप जॉन मॉर्टन यांच्या घरी सेवक म्हणून ठेवण्यात आले. सरदार आणि विद्वानांची तेथे ये-जा असे. मुलाची हुशारी पाहून आर्चबिशपांनी त्यांना ऑक्सफर्डला शिकायला पाठवले. पण मुलाने कायदा शिकावा अशी वडिलांची इच्छा होती. दोनेक वर्षांत थॉमस लंडनला परतले आणि वकील झाले.

याच काळात ते लंडनच्या कार्थुसियन मठाजवळ राहून मठवासीयांच्या प्रार्थनेत भाग घेत असत. आपल्याला मठात बोलावणे आहे की संसारात, याचा त्यांनी सुमारे चार वर्षे शोध घेतला. शेवटी त्यांनी विवाह केला. पण मठातून एक गोष्ट त्यांनी बरोबर आणली. प्रायश्चित्त म्हणून अंगाला टोचणारा केसाळ सदरा ते आतून घालीत आणि मरेपर्यंत घालीत राहिले. बाहेरून रेशमी झगा आला, पुढे गळ्यात सोन्याची साखळी आली, तरी आतला सदरा तोच राहिला. घरातही ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक होती.

पहिली पत्नी जेन यांच्यापासून मार्गारेट, एलिझाबेथ, सिसिली या मुली आणि जॉन हा मुलगा झाला. १५११ साली जेन यांचे निधन झाले. लहान मुलांकडे पाहून थॉमस यांनी ॲलिस नावाच्या विधवेशी विवाह केला. मुलींना शिकवण्याची पद्धत नसलेल्या त्या काळात त्यांनी मुलींना मुलासारखेच लॅटिन व ग्रीक शिकवले. मार्गारेट तर विदुषी म्हणून नावाजली गेली. तिचे पती विल्यम रोपर यांनी सासऱ्यांचे चरित्र लिहून ठेवले. पुढील पुष्कळशा गोष्टी आपल्याला कळतात त्या त्यांच्यामुळेच.

न्यायाची खुर्ची

१५१० साली थॉमस मोर लंडन शहराचे अंडरशेरीफ झाले. शहरातील लोकांचे दिवाणी खटले त्यांच्यापुढे येत. दोन्ही पक्षांनी न्यायाधीशाला ठरावीक फी द्यायची असा रिवाज होता. ती घेणे बेकायदेशीर नव्हते, तरी मोर ती बहुधा माफ करीत. गरिबाला न्याय मागायला येताना खिसा चाचपावा लागू नये, असे त्यांना वाटे. लंडनकरांचा त्यांच्यावर जीव जडला तो येथे.

१५१६ साली त्यांचे 'युटोपिया' हे पुस्तक निघाले आणि युरोपभर त्यांचे नाव झाले. लवकरच राजा आठवा हेन्री याने त्यांना आपल्या सल्लागार मंडळात घेतले. १५२३ साली ते संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती झाले. तेव्हा त्यांनी राजाकडे एक मागणी केली. सभासदांनी प्रामाणिकपणे मांडलेल्या मतासाठी त्यांच्यावर रोष धरू नये आणि प्रत्येकाला निर्भयपणे बोलू द्यावे, अशी ती मागणी होती. सभागृहासाठी भाषणस्वातंत्र्य मागणारे ते पहिले ज्ञात सभापती मानले जातात. ज्या ठिकाणी खरे बोलणाऱ्याला भीती वाटते, तेथे खोटे आपोआप वाढते, हे त्यांनी ओळखले होते.

२५ ऑक्टोबर १५२९ रोजी ते इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सलर झाले. राजाच्या खालोखालचे हे पद. देशाचे मोठे न्यायालयही त्यांच्याच हाताखाली आले. त्यांच्या आधी या खुर्चीवर कार्डिनल वूल्सी होते. त्या काळात साहेबांपर्यंत पोहोचायचे तर दारावरच्या माणसांचेही हात ओले करावे लागत. मोर यांनी रीत बदलली. चेल्सी येथील आपल्या घरी ते दिवाणखान्यात बसत आणि ज्याला गाऱ्हाणे सांगायचे आहे त्याने सरळ आत यावे, अशी मोकळीक ठेवीत. मध्यस्थच उरला नाही, तेव्हा मध्यस्थाची कमाईही उरली नाही. वर्षानुवर्षे तुंबलेले खटले त्यांनी निकालात काढले. एके दिवशी त्यांनी पुढचा खटला पुकारायला सांगितले, तेव्हा आता एकही शिल्लक नाही असे उत्तर मिळाले, अशी आठवण सांगितली जाते.

भेट की लाच?

लाच म्हणून लाच कोणी देत नाही. ती नेहमी दुसऱ्या नावाने येते. त्या काळी इंग्लंडमध्ये नववर्षाच्या दिवशी मोठ्या माणसांना भेटी देण्याची प्रथा होती. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे, म्हणून धोका तेथेच होता.

क्रोकर नावाच्या एका श्रीमंत विधवेच्या बाजूने मोर यांनी एका बड्या सरदाराविरुद्ध निकाल दिला होता. नववर्षाला ती हातमोज्यांचा जोड घेऊन आली. मोज्यांच्या आत चाळीस पौंडांची सोन्याची नाणी भरलेली होती. कसबी कारागिराची ती कित्येक वर्षांची कमाई होती. मोर यांनी काय केले? एका स्त्रीने प्रेमाने आणलेली भेट सरसकट नाकारणे त्यांना शिष्टाचाराला धरून वाटले नाही. त्यांनी हातमोजे ठेवून घेतले आणि सोने ओतून तिच्या हाती परत दिले.

ग्रेशॅम नावाच्या गृहस्थाचा खटला चालू असताना त्याने नववर्षाला एक सुंदर पेला पाठवला. त्याची घडण मोर यांना फार आवडली. त्यांनी आपल्या घरातून त्याहून अधिक किमतीचा पेला आणवला, तो निरोप्याच्या हाती दिला आणि मगच हा ठेवून घेतला. घेतल्यापेक्षा दिलेले जास्त, तेव्हा उपकाराचे ओझे राहिले नाही.

तिसऱ्या पेल्याची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोर यांनी पद सोडल्यावर पार्नेल नावाच्या माणसाने त्यांच्यावर लाचखोरीचा आरोप केला. तो खटला हरला होता. जिंकलेल्या व्हॉन नावाच्या प्रतिपक्षाने आपल्या पत्नीच्या हाती सोन्याचा मुलामा दिलेला पेला मोर यांच्याकडे पोहोचवला, असे त्याचे म्हणणे. राजमंडळापुढे चौकशी झाली. पेला हाती घेतला होता, हे मोर यांनी लगेच कबूल केले. विरोधकांना आनंद झाला. मग त्यांनी पुढची हकिगत सांगितली. त्या पेल्यात द्राक्षारस ओतून ते त्या बाईच्या आरोग्यासाठी प्याले, तिनेही त्यांच्यासाठी घोट घेतला, आणि नंतर तोच पेला नववर्षाची भेट म्हणून त्यांनी तिच्या पतीसाठी परत दिला. बाईने व इतरांनी साक्ष दिली आणि आरोप कोसळला. स्वच्छ माणसावरही आरोप होतात. पण ज्याचा व्यवहार चारचौघांसमोर झालेला असतो, त्याला लपवण्यासारखे काही नसते.

आणखी एक प्रसंग आहे. मोर यांनी धर्मश्रद्धेच्या समर्थनार्थ रात्री जागून पुस्तके लिहिली. तेव्हा बिशप व धर्मगुरूंनी वर्गणी काढून चारपाच हजार पौंड जमवले आणि त्यांना देऊ केले. हा तर आपल्याच ख्रिस्तसभेचा पैसा, कृतज्ञतेने दिलेला. तरीही त्यांनी तो स्वतः घेतला नाही आणि बायकामुलांसाठीही घेऊ दिला नाही. लेखणीला किंमत लागली की तिची साक्ष हलकी होते, हे त्यांना समजत होते.

घरच्या माणसांचा आग्रह

बाहेरच्याला नाही म्हणणे त्यामानाने सोपे असते. घरचा माणूस शब्द टाकतो, तेव्हा खरी परीक्षा होते. डॉन्सी नावाच्या त्यांच्या जावयाने एकदा हसत हसत तक्रार केली. पूर्वीच्या साहेबांच्या काळात नोकरसुद्धा श्रीमंत झाले, आणि आपण चॅन्सलरचे जावई असून चार पैसे मिळण्याची सोय नाही, असा तिचा सूर होता. मोर यांनी जावयाला दुखावले नाही. तुझ्या मित्राला एखादे पत्र देईन, दोन्ही पक्षांची संमती असली तर समेट घडवून आणीन, असे त्यांनी सांगितले. मात्र न्यायाचा प्रश्न आला तर एका बाजूला माझे वडील आणि दुसऱ्या बाजूला सैतान उभा असला आणि सैतानाचा पक्ष खरा असला, तर निकाल सैतानाच्याच बाजूने जाईल, हेही त्यांनी स्पष्ट केले.

ते नुसते बोलणे नव्हते. दुसरे जावई जाइल्स हेरन यांचा खटला त्यांच्याचपुढे आला. सासरे न्यायाधीश आहेत या भरवशावर हेरन समेटाला तयार होईनात. मोर यांनी सरळ त्यांच्या विरुद्ध निकाल दिला.

असा माणूस कठोर, रुक्ष असेल असे वाटते. तसे मुळीच नव्हते. त्यांच्या घरात विनोद होता, संगीत होते, पाळलेले पशुपक्षी होते. चॅन्सलर असतानाही ते चेल्सीच्या चर्चमध्ये साध्या गायकाचा पांढरा झगा घालून गायकवृंदात गात. एकदा नॉरफोकचे ड्यूक जेवायला आले. त्यांनी हे पाहिले आणि राजाच्या पदाचा हा अपमान आहे म्हणून ते रागावले. देवाची सेवा केल्याने राजाचा अपमान कसा होईल, हे मोर यांनी त्यांना हसतमुखाने समजावले.

खुर्ची सोडण्याचा दिवस

राजा हेन्री याला राणी कॅथरीन यांच्याशी झालेला विवाह रद्दबातल ठरवून ॲन बोलिन हिच्याशी लग्न करायचे होते. पोप महोदय संमती देत नव्हते. मोर यांनी आपले मत राजाला एकांतात सांगितले होते. राजानेही सुरुवातीला त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवर जोर करणार नाही असे वचन दिले होते. म्हणून मोर आपले न्यायदानाचे काम करीत राहिले. पण दिवसेंदिवस हवा बदलत गेली. १५ मे १५३२ रोजी इंग्लंडच्या धर्मगुरुवर्गाने राजापुढे मान तुकवली. दुसऱ्याच दिवशी, १६ मे रोजी, मोर यांनी राजमुद्रा परत केली आणि पद सोडले. राजाला ते कोठेही वाईट बोलले नाहीत. ज्या कामात आपला हात लागू नये असे वाटले, त्यातून त्यांनी हात काढून घेतला.

पत्नीला त्यांनी ही बातमी विनोदातच दिली. रविवारी मिस्सा संपल्यावर चॅन्सलरचा नोकर मॅडमच्या बाकाजवळ येऊन साहेब निघाल्याची वर्दी देत असे. त्या दिवशी मोर स्वतः टोपी हाती घेऊन बाकाजवळ आले, लवून मुजरा केला आणि साहेब गेले अशी वर्दी दिली. ॲलिसबाईंना आधी ती थट्टा वाटली. मग अर्थ कळला.

कळल्यावर त्या चिडल्या, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. घराचे उत्पन्न एकदम आटले होते. मोर यांनी मुले, सुना, जावई यांना बोलावून खर्चाचा विचार केला. खाणेपिणे पायरीपायरीने उतरवू, आणि तेही परवडेनासे झाले तर झोळ्या घेऊन एकत्र भिक्षा मागू, पण हसतमुखाने राहू, असे त्यांनी सांगितले. नोकरांना त्यांनी वाऱ्यावर सोडले नाही. प्रत्येकाला दुसरीकडे काम मिळवून दिले. तत्त्वासाठी नोकरी सोडणाऱ्याने आपल्यावर अवलंबून असलेल्यांची सोय आधी पाहावी, हा धडा येथे मिळतो.

एक सही

राजाला एवढ्याने समाधान नव्हते. देशभर मान असलेल्या या माणसाची संमती त्याला हवी होती. १३ एप्रिल १५३४ रोजी मोर यांना लॅम्बेथ येथे बोलावून नव्या वारसा कायद्याची शपथ पुढे ठेवण्यात आली. मोर यांनी कागद नीट वाचला. राज्याचा वारस कोण हे ठरवण्याचा संसदेचा अधिकार त्यांना मान्य होता, तेवढी शपथ ते घेण्यास तयार होते. पण त्या शपथेत राजाचा पहिला विवाह खोटा ठरवणारा आणि पोपचा अधिकार नाकारणारा मजकूरही होता. त्यावर होकार देणे त्यांना शक्य नव्हते. त्या दिवशी लंडनच्या जवळजवळ सर्व धर्मगुरूंनी शपथ घेतली. बिशपांपैकी ठाम राहिले ते एकटे जॉन फिशर. मोर यांनी शपथ घेणाऱ्या कोणालाही दोष दिला नाही. आपल्या सदसद्विवेकबुद्धीपुरतेच ते बोलले.

१७ एप्रिलला त्यांना लंडन टॉवरच्या तुरुंगात टाकले. तेथे ते जवळजवळ पंधरा महिने होते. लाडकी मार्गारेट त्यांना भेटून शपथ घेण्याची गळ घाली. ॲलिसबाई आल्या आणि चेल्सीला चांगले घर, बाग, ग्रंथ, मुलेबाळे असताना उंदरांच्या संगतीत या घाणेरड्या कोठडीत का राहता, असे त्यांनी फटकारले. तुरुंगातल्या जेवणाचा खर्चही घरच्यांनीच द्यायचा असे. तो भागवण्यासाठी त्यांना स्वतःचे कपडे विकावे लागले. मोर यांच्या धैर्याची किंमत त्यांच्या घरानेही मोजली, हे आपण विसरू नये.

पुढे राजा हाच इंग्लंडच्या ख्रिस्तसभेचा मस्तक, असा कायदा झाला आणि त्याला शब्दाने विरोध करणे हा राजद्रोह ठरला. मोर गप्प राहिले. त्यांना हुतात्मा होण्याची हौस नव्हती. कायद्याने मिळेल तेवढे संरक्षण त्यांनी घेतले. १२ जून १५३५ रोजी सॉलिसिटर जनरल रिचर्ड रिच काही माणसांसह त्यांची पुस्तके जप्त करायला आला. पुस्तके बांधली जात असताना त्याने मोर यांच्याशी गप्पा काढल्या. १ जुलैच्या खटल्यात त्याच गप्पांचा दाखला देऊन मोर राजाविरुद्ध बोलले अशी साक्ष त्याने दिली. मोर यांनी ती साक्ष खोटी असल्याचे शपथपूर्वक सांगितले. पुस्तके बांधणाऱ्या दोघांनी आपले बोलण्याकडे लक्ष नव्हते असे सांगून अंग काढून घेतले. पंचांनी पाव तासात दोषी ठरवले.

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा मोर उघडपणे बोलले. ख्रिस्तसभेचे मस्तकपद देण्याचा अधिकार कोणत्याही संसदेला नाही, हे त्यांनी भर न्यायालयात सांगितले. न्यायाधीशांना त्यांनी शाप दिला नाही. संत स्तेफनच्या मृत्यूला संमती देणारे पौल आज त्याच्याबरोबर स्वर्गात आहेत, तसेच आपणही तेथे आनंदाने भेटू, अशी प्रार्थना त्यांनी केली. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला.

दोन माणसे, दोन वाटा

रिचर्ड रिचचे पुढे काय झाले? तो खूप मोठा झाला. मठांची मालमत्ता ताब्यात घेणाऱ्या खात्याचा तो प्रमुख झाला, पुढे उमराव झाला, आणि १५४७ साली मोर बसत त्याच लॉर्ड चॅन्सलरच्या खुर्चीवर बसला. राजे बदलले, धर्माचे धोरण बदलले, तसा तोही बदलला. १५६७ साली तो आपल्या अंथरुणात, श्रीमंतीत मेला. म्हणून प्रामाणिक राहिले की बढती मिळते, असे आम्ही तुम्हाला खोटे आश्वासन देणार नाही. कधीकधी बढती रिचलाच मिळते.

थॉमस मोर निर्दोष होते असेही नाही. ते चॅन्सलर असताना पाखंडाच्या आरोपावरून सहा जणांना जिवंत जाळण्यात आले, आणि अशा शिक्षेचे त्यांनी समर्थन केले होते. आज ख्रिस्तसभा ते योग्य मानत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली मोर यांना राज्यकर्ते व राजकारणी यांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले, तेव्हा त्या काळाच्या संस्कृतीची ही मर्यादा त्यांनी नमूद केली होती. त्यापूर्वी १८८६ साली पोप लिओ तेरावे यांनी मोर यांना धन्यवादित आणि १९३५ साली पोप पायस अकरावे यांनी संत घोषित केले होते. काळाच्या चुकीपासून संतही सुटत नाहीत, म्हणून आपण आपल्या काळाच्या चुकांकडे डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे.

आपल्या कामाच्या जागी

आपल्यापैकी कोणी बँकेत, कोणी रुग्णालयात, कोणी महापालिकेत, कोणी खाजगी कंपनीत काम करतो. राजाची शपथ आपल्यापुढे येत नाही. येते ते दिवाळीच्या मिठाईखालचे पाकीट, वाढवून लावलेले बिल, न झालेल्या कामावरची सही, सहकाऱ्याच्या चुकीचे खापर दुबळ्या माणसावर फोडण्याची सूचना, किंवा नातेवाइकासाठी टाकलेला शब्द. अशा वेळी मोर यांच्या आयुष्यातून आम्हाला चार गोष्टी दिसतात. भेट कशासाठी आली आहे ते ओळखावे आणि नम्रपणे परत करावी. सही करण्यापूर्वी कागद पूर्ण वाचावा. आपले म्हणणे आधी योग्य ठिकाणी, योग्य माणसाला सांगावे, आणि कायद्याचा आधार घेण्यात कमीपणा मानू नये. तरीही काही सुधारत नसेल, तर आपला हात त्यातून काढून घ्यावा. आपल्या देशात २०१८ च्या दुरुस्तीनंतर सरकारी नोकराला लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो.

त्यातली पहिली गोष्ट सर्वांत सोपी, म्हणूनच सर्वांत महत्त्वाची. लॅम्बेथच्या त्या दालनात एकटे उभे राहण्याचे बळ थॉमस मोर यांना एका दिवसात आले नव्हते. गरिबाची फी सोडताना, हातमोज्यांतले सोने ओतून परत देताना, जावयाविरुद्ध निकाल देताना ते थोडेथोडे साठत गेले. मोठा नकार देण्याची वेळ आपल्यावर कदाचित कधी येणारही नाही. लहान नकाराची वेळ मात्र उद्या सोमवारीच येऊ शकते.

संत थॉमस मोर, आम्हांसाठी विनंती कर.